ज्याचा व्हिसा, तो मुलगा

शुक्रवार, फेब्रुवारी २०००. वेळ दुपारी तीन. स्थळ शारजा, रोल्ला भागातला आमचा फ्लॅट.

उपस्थित: मी. माझा नवरा, जो आठवडाभर अबूधाबीला मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन असायचा आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. आमची नऊ वर्षांची मुलगी. समोरच्या फ्लॅटमधल्या भाभी, मूळच्या रत्नागिरीच्या. माझा धाकटा भाऊ, वय अठ्ठावीस, व्हिजिट व्हिसावर. त्याला बघायला आलेली मुलगी, अबूधाबीच्या एका दवाखान्यात नर्स. आणि तिची हॉस्टेलमधली मैत्रीण, केरळची, मराठी शून्य.

अनुपस्थित: दोन्हीकडचे आईवडील. आमचे चिपळूणजवळच्या गावी, तिचे दापोलीजवळच्या गावी.

'त्याला बघायला आलेली मुलगी' हे चुकून लिहिलेलं नाही. रीतीप्रमाणे आम्ही तिच्या घरी जायला हवं होतं. पण तिचं घर म्हणजे नर्सांचं हॉस्टेल, आणि तिथला वॉचमन पुरुष माणसाला फाटकाच्या आत पाय टाकू देत नसे. बाहेर हॉटेलात भेटावं, तर वधूवरांनी हॉटेलात भेटणं माझ्या आईला पसंत नव्हतं. आमच्याकडे गाडी नव्हती. तिच्याकडे होती, स्वतःची, पांढरी, सेकंडहँड, आणि लायसन्सही होतं. सगळे मुद्दे मांडून बघितल्यावर एकच मार्ग उरला: तिने यायचं. आणि जो येतो तो पाहुणा, पाहुण्यांसमोर पोहे आणायचे ते यजमानांकडच्याने, हेही त्यातूनच निघालं. त्यामुळे पोहे भावाने आणले.

भावाबद्दल थोडं सांगायला हवं. बी.कॉम. गावाजवळची कंपनी बंद पडली, म्हणून मी त्याला इकडे नोकरी शोधायला बोलावलं. त्याला सगळं यायचं. इंग्रजी बोलणं तेवढं यायचं नाही. भाभींच्या मिस्टरांचं रोल्लात कॅसेटचं दुकान होतं. ते म्हणाले, "इंग्लिश गाणी ऐक. कान तयार झाला की जीभ आपोआप वळते." आणि त्यांनी खपत नसलेल्या कॅसेटींचा एक संच त्याला देऊन टाकला. आमची आई परकरात होती त्या काळातली, परदेशी मुलींनी म्हटलेली गाणी. कव्हरवर तिघी, एकसारखे फ्रॉक, केस टोपलीएवढे फुगवलेले.

शिकायला म्हणाल तर गाणी उत्तम होती. वाक्यं लहान, उच्चार स्वच्छ, आणि प्रत्येक गोष्ट तीनदा. एक मुलगी सांगते, उरलेल्या दोघी 'ऊ-ऊ' करून दुजोरा देतात. मी इस्त्री करताना, भाजी निवडताना ती सगळी ऐकली आणि विषयवार लावली. फोनजवळ बसून वाट बघणे: सर्वांत जास्त. खिडकीजवळ बसून वाट बघणे: त्याखालोखाल. आईला तो आवडत नाही. मैत्रिणीने पळवला. त्याने अंगठी दिली. त्याने अंगठी परत मागितली. मुलगा काय करतो, पगार किती, घर कोणाच्या नावावर, ह्याचा उल्लेख एकाही गाण्यात नाही. मोटारसायकल मात्र असते.

भाभी एकदा चहाला आल्या असताना पूर्ण एक बाजू ऐकून म्हणाल्या, "ह्या पोरींच्या घरात वडीलधारं कोणी नाही काय गो?"

"आई आहे. पण तिचं त्या ऐकत नाहीत."

"मग रडतात त्या बरोबरच रडतात."

भावाचं इंग्रजी सुधारलं, ह्यात शंका नाही. फक्त ते चाळीस वर्षांपूर्वीच्या सोळा वर्षांच्या मुलीचं झालं. अजमानला एका गोदामात स्टोअरकीपरच्या मुलाखतीला गेला. साहेबाने विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? हा म्हणाला, "आय विल बी वेटिंग, सर." साहेबाने त्याला बाहेर थांबायला सांगितलं. तो संध्याकाळपर्यंत थांबला.

तर त्या शुक्रवारी हा मुलगा फिक्या निळ्या शर्टात, पोह्यांचा ट्रे घेऊन, मान खाली घालून हॉलमध्ये आला.

"मान खाली घालायला कोणी सांगितलं ह्याला?" भाभी माझ्या कानात.

"कॅसेटने," नवरा म्हणाला.

मुलगी उंच होती, केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं मोजकं. पोह्यांचा एक घास खाऊन तिने विचारलं, "कोणी केले?"

"मुलानेच," भाभी म्हणाल्या. "सगळं येतं त्याला. कुळथाचं पिठलं, माशाचं कालवण, घडीच्या पोळ्या. ह्या टेबलावरचा हा कपडा बघितलास, त्यावर जी फुलं आहेत ती..." मी डोळे वटारले, तेव्हा त्या फुलांवर थांबल्या. फुलं माझ्या सासूबाईंनी विणलेली होती.

मुलीने भावाकडे बघितलं. "लग्नानंतर नोकरी करायचा विचार आहे?"

"तुमची परवानगी असेल तर."

नवऱ्याला ठसका लागला. मी त्याला पाणी दिलं.

एवढ्यात केरळच्या मैत्रिणीने इंग्रजीत विचारलं, मुलाला काही छंद वगैरे? मी 'वाचन' म्हणणार, तेवढ्यात आमची मुलगी म्हणाली, "ही सिंग्ज. ऑल डे."

"गाता?" पाहुणी मुलगी म्हणाली. "मग म्हणा ना एखादं."

मुलीला गायला सांगतात, तेव्हा ती आढेवेढे घेते, घसा बसल्याचं सांगते, मग आईने डोळे दाखवल्यावर म्हणते. भावाला हे कोणी शिकवलं नव्हतं. तो लगेच उभा राहिला, हात मागे बांधले आणि खिडकीचं गाणं सुरू केलं. गाणं असं होतं: सगळं गाव म्हणतं तो मुलगा वाईट आहे, आई म्हणते विसर त्याला, पण मला माहीत आहे की शनिवारी तो येणार, आणि तोपर्यंत मी ह्या खिडकीतून हलणार नाही. भावाने त्यातला 'तो'च ठेवला. 'ती' केलं नाही.

पहिल्या कडव्यानंतर माझ्या मुलीने न विचारता 'ऊ-ऊ' भरलं, कारण रोज घरी तिची तीच नेमणूक होती. दुसऱ्या कडव्याला केरळची मैत्रीण उठली. कॉन्व्हेंटमध्ये स्नेहसंमेलनात तिने ते गाणं केलं होतं, हातवाऱ्यांसकट. एक हात छातीवर. दुसरा कपाळावर आडवा, लांब बघितल्यासारखा. तिने भावाला खांद्याला धरून मध्ये घेतलं. मग तिघं एका ओळीत: डावीकडे ती मैत्रीण, उजवीकडे माझी चौथीतली मुलगी, मध्ये मिशीवाला माझा भाऊ, आणि तिघांचा हात एकाच वेळी कपाळावर. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचा एसी गळत होता. तिघंही त्याच्याकडे बघत होते.

गाणं संपलं. टाळ्या वाजवाव्या की नाही हे कोणाला कळेना.

"शनिवारी कोण येणार आहे?" पाहुण्या मुलीने विचारलं.

"गाण्यातला मुलगा."

"आणि खिडकीत तुम्ही."

"हो."

"बरं."

ती उठली. तिची बशी तिने स्वतः स्वयंपाकघरात नेली, विसळली आणि पालथी घातली. मी नको नको म्हणेपर्यंत हात पुसूनही झाले. मग पर्स उचलली. "निघते ताई. अंधार पडायच्या आत अबूधाबी गाठायचंय." दारात वळून ती भावाला म्हणाली, "कळवते."

दार लागलं आणि नवऱ्याने रास्त प्रश्न विचारला. "आता आपण कोण? मुलाकडचे की मुलीकडचे?"

"मुलाकडचे," मी म्हणाले. "मुलगा आपला आहे."

"मग 'कळवते' ती कशी म्हणाली? कळवायचं मुलाकडच्यांनी असतं."

मी विचार केला. मुलगा आमचा. बघायला आली ती. पोहे आम्ही केले. गायला लावलं तिने. नोकरी तिची, गाडी तिची, आणि लग्न झालं तर राहायचा परवानाही तिच्याच नावावर मिळणार. नर्सला नवऱ्याला स्पॉन्सर करता येतं, हे मी आधीच चौकशी करून ठेवलं होतं.

भाभींनी निकाल दिला. "ह्यात कठीण काय गो? ज्याचा व्हिसा, तो मुलगा."

त्या हिशेबाने आम्ही मुलीकडचे झालो, आणि मुलीकडच्यांनी काय करायचं असतं हे मला चांगलं माहीत होतं. गप्प बसायचं. माझ्या वेळी हा माझा नवरा, त्याचे वडील आणि दोन काका 'कळवतो' म्हणून उठून गेले होते. मी त्यानंतर तांदूळ निवडले, पाणी भरलं, गोधडी शिवायला घेतली. पंधरवडा गेला. मला ही वाट बघणं कसं जातंय, हे घरात कोणी विचारलं नाही, आणि वाट बघताना म्हणायला माझ्याकडे गाणंही नव्हतं. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही एवढे दिवस कसला विचार करत होता?"

"मी कुठे? वडील करत होते. तेव्हा नोकरी सौदीला, मी दुसऱ्या दिवशीच परत गेलो. मला काय झालं ते पत्राने कळलं."

भाऊ मात्र रीतसर वाट बघू लागला. हॉलमधला फोन टीव्हीशेजारी स्टुलावर होता. त्याने खुर्ची तिथे नेली. सकाळी अंघोळ करून, भांग पाडून बसायचा. भाजी तिथेच निवडायचा, माझ्या मुलीचा अभ्यास तिथेच घ्यायचा. मी घरी शिकवण्या घ्यायचे, त्या मुलांच्या आयांना त्याने निरोप दिला की उशीर होणार असेल तर फोन करू नका, उशीर झाला की आम्हाला दिसेलच. भाभींचा नंबर त्याने राखीव म्हणून बघायला आलेल्या मुलीला देऊन ठेवला होता, त्यामुळे तिकडेही बंदी. शनिवारी पहाटे मुसफ्फाला निघालेल्या माझ्या नवऱ्याला त्याने जिन्यात गाठलं.

"भावोजी, एक विनंती. काही दिवस फोन करू नका. इथेही नको, भाभींकडेही नको. तिला लाइन एंगेज मिळाली तर तिला वाटेल, आपल्याला गरज नाही."

"काहीच नको?"

"काहीच नको."

"खलास," नवरा म्हणाला, म्हणजे इकडच्या भाषेत 'ठरलं'. तो फोरमन माणूस. सूचना म्हणजे सूचना.

माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून विचारायची, "डिड ही कॉल?"

"ही नाही, शी. मुलगी आहे ती."

"नो मम्मी. मामा इज द गर्ल."

आठवडा गेला, फोन नाही. व्हिजिट व्हिसा एकदा वाढवून झाला होता. पुढच्या बुधवारी भावाला परत जायचं होतं, तिकीट काढलेलं होतं. मी त्याला म्हटलं, "तूच कर ना फोन. हॉस्टेलचा नंबर आहे."

"मुलीकडच्यांनी फोन केला तर आपण हलके ठरतो, ताई. तूच सांगितलंस."

"मी रीत सांगितली. तुला करायला बंदी नाही केली."

"एखाद्या गाण्यात तरी मुलीने स्वतः फोन केलाय का?"

मला आठवेना. हा प्रश्न तपासण्यासारखा होता. शुक्रवारी जुम्म्याची नमाज, जेवण, झोप उरकून भाभींच्या मिस्टरांनी दुकान उघडलं, तेव्हा भाऊ, मी आणि नवरा काउंटरवर हजर होतो. त्यांच्याकडे त्या जातीच्या अजून दोन खोकी कॅसेट पडून होत्या. आम्ही एकेक लावत गेलो. दाखला एकच हवा होता: मुलीने आपण होऊन नंबर फिरवला आणि तिचं भलं झालं.

गाणी भराभर बाद होत होती. ही पत्र लिहिते, पण टाकत नाही. ही त्याच्या घरापर्यंत जाते आणि दिवा बघून परत येते. ही म्हणते, तो सात समुद्रांपलीकडे असला तरी मी जाईन, जात नाही. दुकानात राजापूरकडची दोन माणसं भजनाची कॅसेट घ्यायला आली होती, साइटवरची, पायांत सेफ्टी शूज. ती पण थांबून ऐकायला लागली.

"ही बाई रडते कशाला?" एकाने विचारलं.

"तो फोन करत नाही म्हणून," भाऊ म्हणाला.

"मग हिने करायचा."

"तशी रीत नाही."

दुसरा जरा विचार करून म्हणाला, "रीतबीत काय नाय. तिचं कार्ड संपलं असंल."

दोघंही मग बराच वेळ फोनकार्ड कुठलं जास्त चालतं ह्यावर बोलत बसले. शेवटी एक गाणं सापडलं. त्यात ती खरंच रिसीव्हर उचलते, नंबर फिरवते, पलीकडे फोन उचललाही जातो, आणि आवाज दुसऱ्याच मुलीचा असतो. भावाचा चेहरा पांढरा पडला.

"बंद करा," नवरा म्हणाला. "अरे, त्या पोरीला ही गाणी माहीत तरी आहेत का? तिला कसले नियम लागू?"

"तिच्या मैत्रिणीला माहीत आहेत, भावोजी. हातवाऱ्यांसकट."

भाभींच्या मिस्टरांनी सगळी खोकी परत फळीवर ठेवली. "पंधरा दिरहमला तीन लावल्या होत्या मी," ते म्हणाले. "एकशे ऐंशी रुपये. कोणी घेत नव्हतं ते बरोबरच आहे."

मंगळवारी भाऊ बॅग भरत होता. मी यादीप्रमाणे वस्तू देत होते: आईला टॉर्च, वडिलांना बाम, काकूला टँगचा डबा. मध्येच तो थांबला.

"ताई, तिने बशी विसळली होती."

"बघितलं मी."

"बघायला आलेलं माणूस बशी विसळत नाही. कोणीच नाही." शर्टाची घडी त्याने उलगडली आणि परत तशीच घातली. "ती नाही म्हणाली तरी चालेल मला. पण तिने म्हणावं. तिच्या तोंडून. माझं गाणं ऐकून ती 'बरं' म्हणाली, त्याचा अर्थ मला अजून लागत नाही."

मी टँगचा डबा कपड्यांच्या मधोमध बसवला. त्याच्यासाठी आणखी काय करता येईल हे मला सुचेना, आणि तसं माझं फार वेळा होत नाही.

बुधवारी मी त्याला एअरपोर्टला सोडून आले. आत जाताना तो म्हणाला, "फोनजवळ कोणीतरी बस."

गुरुवारी संध्याकाळी नवरा आला तो हातात एक पार्सल आणि किलोभर बर्फी घेऊन. दारातूनच ओरडला, "कुठे आहे नवरदेव?"

"कसला नवरदेव? तो काल गेला."

"अगं, होकार आलाय ना!"

"कधी?"

"सोमवारी."

मी त्याला बसवलं आणि क्रमाने सांगायला लावलं. आमच्या वाडीतला एक माणूस सुट्टीवरून परत मुसफ्फाला आला. त्याच्याबरोबर माझ्या वडिलांनी कोकमाची सोलं आणि कुळथाचं पीठ पाठवलं होतं, आणि निरोप. दापोलीहून मुलीचे काका मोटारसायकलवर येऊन सांगून गेले, मुलीला मुलगा पसंत आहे, ताईला कळवा.

"सोमवारी कळलं आणि तुम्ही आज सांगताय?"

"फोन करू नका म्हणाला ना तो. इथेही नको, समोरही नको. काहीच नको, हे त्याचे शब्द." नवऱ्याने बर्फीचा पुडा टेबलावर ठेवला. "आणि मला काय माहीत तुम्हाला माहीत नाही? दीडशे किलोमीटर गाडी चालवत येते ती पोरगी. तिने तुम्हाला कळवलं असेलच असं वाटलं. मी तर बर्फी आणायची का पेढे, ह्या विचारात होतो."

आम्ही गावी फोन लावला. आमच्या घरात फोन नव्हता, शेजारच्या वाण्याकडे होता. वडील आले. मी विचारलं, तुम्ही सरळ फोन का नाही केला? ते म्हणाले, "मुलगा बुधवारी येतोच होता. आल्यावर सांगणारच होतो. फोनला पैसे कशाला घालवायचे?" सांगितलं का मग? "सांगितलं की. त्याने ऐकलं आणि नदीवर जाऊन बसलाय."

तासाभराने भावाचाच फोन आला. मी म्हटलं, "अरे, होकार आलाय, आता तरी हस."

"होकार तिच्या काकांचा आलाय, ताई. काकांना मी आवडलो. ते मला भेटलेपण नाहीत."

"काका स्वतःच्या मनाने कसे सांगतील?"

"आपले काका सांगतात की. सगळे काका सांगतात." आणि मग, "तिचा फोन आला का?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी अकराला दारावरची बेल वाजली आणि दारात ती. ह्या वेळी एकटी.

"ताई, माफ करा, न कळवता आले. ते आहेत का?"

"ते चिपळूणला आहेत," मी म्हणाले. "आत या."

भाभी दरवाजा उघडा बघून आल्याच. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली. "मी तर त्याच शनिवारी आईला फोन करून हो म्हणून सांगितलं. वाटलं, निरोप मिळाला की ते मला फोन करतील. वाट बघितली. मग म्हटलं, त्यांना मी आवडले नसेन."

"पण 'कळवते' तुम्ही म्हणाला होता," मी म्हटलं.

"मी कळवलं ना. आईला. आई म्हणाली, होकार मुलीने आपल्या तोंडाने द्यायचा नसतो. निर्लज्ज दिसतं. काका जाऊन सांगतील."

"आणि दोन तास गाडी हाणत येऊन मुलगा बघितलास, तो काय लाजत बघितलास?" भाभी म्हणाल्या.

मुलीने पदर नसलेल्या खांद्यावरून उगाच हात फिरवला. "ते आईला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, तुम्ही सगळे मला बघायला हॉस्टेलवर आला होता. मी पोहे केले, मीच गाणं म्हटलं."

"कुठलं?" मी विचारलं.

"एक अभंग."

नवरा उठून आत गेला. आत गेल्यावर तो किती वेळ हसला ते बाहेर ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "एक काम राहिलंय ते आत्ता उरका. माझ्या भावाला काकांचा होकार नको आहे. त्याला तुमचा हवाय. नाही असेल तरी चालेल, पण तुमच्या तोंडून." आणि फोन स्टुलासकट तिच्यासमोर आणून ठेवला.

तिने नंबर माझ्याकडून घेतला, पण फिरवला स्वतः. वाण्याने उचलला. तिने माझ्या भावाचं नाव सांगून बोलवायला सांगितलं. पलीकडे कोणीतरी पळत गेलं, कुत्री भुंकली, एक बाई विचारत होती कोणाचा रे फोन, दुबईचा? दुबईचा, वाणी म्हणाला. सगळं आम्हाला ऐकू येत होतं, कारण ती रिसीव्हर कानापासून लांब धरून बसली होती.

"चार दिरहम मिनिटाला," भाभी कुजबुजल्या. "अठ्ठेचाळीस रुपये. आणि अजून आलाच नाही तो."

तो आला. धापा ऐकू आल्या.

"हॅलो," ती म्हणाली. "मी बोलतेय. तुम्हाला हो सांगायला फोन केला. हो आहे माझं. मी माझ्या मनाने सांगतेय. आणि तुम्ही गात होता तेव्हा मला हसू आलं नाही, म्हणून हो आहे. दुसऱ्या कोणाच्या गाण्याला मला हसू आलं असतं."

पलीकडे माझा भाऊ काहीतरी बोलला आणि फोन ठेवला गेला.

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, घरच्यांना विचारून कळवतो."

भाभींनी कपाळाला हात लावला. आणि तेव्हा ती मुलगी हसली, पहिल्यांदाच, पर्स मांडीवरून खाली पडेपर्यंत. दहा मिनिटांनी फोन परत वाजला. तो मी उचलला नाही, भाभींना उचलू दिला नाही. तिनेच उचलला आणि बाल्कनीपर्यंत वायर पुरत होती तिथपर्यंत घेऊन गेली.

लग्न मे महिन्यात चिपळूणला झालं. वर्षाच्या आत तो तिच्या व्हिसावर अबूधाबीला आला. आता ती दोघं अल रीम आयलंडवर एका उंच इमारतीत राहतात, इतक्या वरच्या मजल्यावर की मला खिडकीशी जायला भीती वाटते. त्यांचा मुलगा दहावीत आहे. घरी दोन पोळ्या जास्त लाटायच्या असल्या तर ती त्याला फोन करते, आणि बाहेरून आणायच्या असल्या तर तो तिला.

एक गोष्ट मात्र राहून गेली. तिच्या आईची तेव्हाही समजूत होती, अजूनही आहे, की आम्ही मुलाकडचे, हॉस्टेलवर मुलगी बघून आलो. तेव्हा रीतसर मागणी घालायला आम्ही दापोलीला जायला हवं होतं. माझ्या वडिलांची समजूत होती की मुलगी आपण होऊन शारजाला बघायला आली, होकारही तिकडून आला, म्हणजे मागणी तिकडून यायची. लग्नाच्या घाईत कोणी विषय काढला नाही. वडील गेले. तिच्या आई अजून प्रत्येक भेटीत म्हणतात, "सगळं छान झालं हो, पण तुमच्याकडून मागणी काही आली नाही."

आता आमच्याकडची मोठी मीच. मागणी घालायला नारळ लागतो, साखर लागते, आणि कोणीतरी कोणाच्या तरी दारात जाऊन आधी बोलावं लागतं. त्या दोघांना विचारलं तर ती म्हणते, आईला तुम्ही विचारा, आणि तो म्हणतो, तिला विचारून कळवतो. मी दोनदा नारळ आणला. दोन्ही वेळा त्याची चटणी झाली. दापोलीला जायचं बाकी आहे.